हॉटेलच्या नोंदवहीत आपले नाव

प्रवास आपल्या समाजाला नवा नाही. सहा डिसेंबरला चैत्यभूमी, एक जानेवारीला भीमा कोरेगाव, वीस मार्चला महाड, अशोक विजयादशमीला नागपूरची दीक्षाभूमी. टेम्पोत, रेल्वेच्या जनरल डब्यात, एसटीत उभे राहून आपण जातो. भाकरी-चटणी बांधून नेतो, मंडपात नाहीतर विहारात पथारी टाकतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर होतो. या प्रवासाचा शीण आपल्याला कधी वाटला नाही.

पण अंगमेहनत करणाऱ्या कुटुंबाने चार दिवस नुसत्या विसाव्यासाठी बाहेर जावे, पैसे मोजून हॉटेलात खोली घ्यावी, मुलांना समुद्र दाखवावा, हे आपल्याकडे कमीच घडते. त्याचे पहिले कारण पैसा, हे उघड आहे. दुसरे कारण सहसा कोणी बोलत नाही. परक्या गावात रात्रीची जागा मागायची म्हटले की आडनाव सांगावे लागते. आपल्या वडीलधाऱ्यांच्या मनात ही भीती इतकी खोल बसलेली आहे, की खिशात पैसे असले तरी पाऊल उचलत नाही. त्या भीतीविषयी मला लिहायचे आहे आणि एका जुन्या हॉटेलविषयीही.

सुट्टी ठरली

आम्ही भिवंडीजवळच्या शेलारला राहतो. नदीनाक्यावर कामवारी नदीचा पूल ओलांडला की आमचे गाव लागते. गाव म्हणायचे एवढेच. आजूबाजूला यंत्रमागाचे कारखाने, सायझिंग, डाईंग आणि गोदामे. रात्रंदिवस लूमची खटखट चालू असते. माझे पती सायझिंगमध्ये कामाला आहेत. मी घरी शिवणकाम करते. घरात सासूबाई, दहावीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा.

आपल्या घरी दिवाळी नसते, पण दिवाळीत शाळेला सुट्टी असते आणि कामगार गावी गेल्यामुळे कारखानेही बंद असतात. महिला मंडळातल्या आम्ही बारा जणींची महिन्याला हजार रुपयांची भिशी आहे. ती या वेळी माझ्या नावाने उघडली. एरवी त्या पैशांतून पत्र्याची दुरुस्ती झाली असती. पण मुलगा म्हणाला, "वर्गातल्या सगळ्यांनी समुद्र बघितलाय." चैत्यभूमीला जाताना दादरचा समुद्र त्याने बघितला होता, पण गर्दीत वडिलांच्या खांद्यावरून. पाण्यात पाय बुडवून नव्हे.

दापोली ठरवण्याचे कारण मी दिले. तो आपला मुलूख आहे. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे शेजारच्या मंडणगड तालुक्यात. सुभेदार रामजी निवृत्त झाल्यावर काही काळ दापोलीत राहिले होते. लष्करातून निवृत्त झालेले आपले कितीतरी पेन्शनर तिथे वस्तीला होते. गोपाळबाबा वलंगकर त्यांच्यापैकीच एक. माता रमाईंचे माहेर वणंद, तेही दापोली तालुक्यातच. मुलांना समुद्रही दिसेल आणि आपला इतिहासही, असा माझा हिशोब.

खोली मिळवण्यासाठी पतींनी तीन-चार ठिकाणी फोन लावले. एका ठिकाणी भाडे ठरले, दिवस ठरले, मग पलीकडच्या माणसाने नाव विचारले. आडनाव ऐकल्यावर म्हणाला, "जरा थांबा, बघून सांगतो." दहा मिनिटांनी त्याचाच फोन आला की सगळ्या खोल्या भरलेल्या आहेत. सुट्टीचे दिवस होते. खोल्या खरेच भरलेल्या असतील. पण खरे-खोटे करण्याचा मार्ग आपल्याकडे नसतो. तो संशय आपल्याच उरात राहतो आणि जेवताना घास अडकवतो. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "मी सांगत होते. घरीच बरं."

चौथ्या फोनवर एका म्हाताऱ्या आवाजाने सांगितले, "हॉटेल जुनं आहे हो आमचं. एसी नाही, लिफ्ट नाही. मुलाबाळांना घेऊन येणार असाल तर या. मोठी खोली देतो." त्याने नाव विचारलेच नाही. फक्त माणसे किती आणि जेवण सामिष की शाकाहारी एवढे विचारले.

शेलार हे गावाचे नाव

पहाटे निघून ठाण्याहून एसटी धरली. महाडला उतरून चवदार तळ्यावर गेलो. मुलांना पायऱ्या दाखवल्या. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी इथे ओंजळीने पाणी घेतले, त्या परिषदेच्या वेळी पिण्याचे पाणी चाळीस रुपये मोजून विकत घ्यावे लागले होते, हे सांगितले. मुलाने विचारले, "तळं समोर असताना?" मी म्हटले, "हो, समोर असताना." त्या दिवशी त्याने दुसरा प्रश्न विचारला नाही.

महाडहून दापोली आणि दापोलीहून कर्दे-मुरुडच्या बाजूला जायला दिवस मावळला. हे मुरुड दापोली तालुक्यातले, जंजिऱ्याचे नव्हे. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे बालपण याच गावात गेले. हॉटेल रस्त्याच्या वर, डोंगराच्या उतारावर. जांभ्या दगडाच्या पायऱ्या चढून सासूबाई दमल्या. वर काउंटरवर एक बल्ब, गणपतीची तसबीर, लाल कापडी बांधणीची मोठी नोंदवही आणि चष्मा लावलेले सत्तरीचे काका. फोनवरचा आवाज तोच.

पतींनी नोंदवहीत नाव लिहिले, पत्ता लिहिला : शेलार, ता. भिवंडी, जि. ठाणे. काकांनी वही आपल्याकडे फिरवली, पत्त्याच्या ओळीवर बोट ठेवले आणि आनंदाने म्हणाले, "शेलार का तुम्ही? आमच्याकडेही शेलार मंडळी आहेत. मराठेच ना?"

मी पतींकडे पाहिले. ते काहीच बोलले नाहीत. दिवसभराचा प्रवास, बाहेर अंधार, पायरीवर टेकलेली म्हातारी, पेंगणारा मुलगा. त्या माणसाने आपणहून आम्हाला एक नाव दिले होते. नुसते हसून मान हलवली असती तरी चालले असते.

मुलगी पुढे झाली आणि म्हणाली, "नाही काका, शेलार आमच्या गावाचं नाव आहे. आडनाव वरच्या ओळीत लिहिलंय. आम्ही बौद्ध आहोत."

काकांनी चष्मा वर केला, वरची ओळ वाचली, आधार कार्डाशी ताडून पाहिली. मग म्हणाले, "बरं, बरं. जेवायला पाच ताटं ना? साडेआठनंतर आमची चूल बंद होते. आजींना वरच्या मजल्यावर नको, खालचीच खोली देतो." त्यांनी किल्ली दिली. झाले ते एवढेच.

खोलीत शिरल्यावर मात्र सासूबाई नातीवर रागावल्या. "कशाला सांगायचं होतं? रात्रीचं आलोय आपण. त्याने जागा नाही म्हटलं असतं तर या पोराला घेऊन कुठं गेलो असतो?"

"पोलीस स्टेशनला गेलो असतो, आजी."

"पोलीस स्टेशनात झोपायची सोय असते का?"

मुलगी हसली. मला हसू आले नाही, कारण दोघींचेही बोलणे मला पटत होते. सासूबाईंचे माहेर मुरबाडकडचे. त्यांच्या लहानपणी गावाच्या चहाच्या हॉटेलात आपल्या माणसांची कपबशी वेगळी असायची, बाहेरच्या कुडाला अडकवलेली. चहा वरून ओतायचे, पैसे खाली ठेवायचे आणि कपबशी स्वतः धुऊन पुन्हा अडकवायची. जिने हे पाहिले ती रात्रीच्या वेळी नात-नातवाच्या डोक्यावरचे छप्पर आधी जपणार. तिला भित्री म्हणणे सोपे आहे. पण तिच्या त्या सावधपणावरच आपल्या दोन पिढ्या जगल्या.

बडोद्याची खोली

त्या रात्री जेवण झाल्यावर पतींनी मुलांना बडोद्याची हकिकत सांगितली. आपल्यापैकी बहुतेकांना ती माहीत आहे, पण हॉटेलच्या खोलीत बसून ऐकताना ती वेगळीच वाटते.

१९१७ साल. बाबासाहेब अमेरिकेत आणि लंडनमध्ये शिकून आले होते. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीच्या करारानुसार नोकरीसाठी बडोद्याला गेले. एवढा शिकलेला माणूस, संस्थानचा अधिकारी, पण गावात उतरायला जागा नाही. हिंदूंच्या खाणावळीत प्रवेश नाही. शेवटी एका पारशी धर्मशाळेत गेले. तिथला रखवालदार म्हणाला की ही जागा फक्त पारशांसाठी आहे. मग पारशी नाव घेऊन नोंदवहीत लिहायचे आणि रोजचे दीड रुपया भाडे द्यायचे, असे ठरले. वरच्या मजल्यावर एक लहान खोली, शेजारी मोडक्या सामानाने भरलेले मोठे दालन. विजेचा दिवा नाही, कंदिलाच्या उजेडात एकट्याने रात्र काढायची. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी जिना चढून आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोड म्हणाले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे आसरा मागितला, दोघांनीही कारणे सांगून टाळले. बाबासाहेब सार्वजनिक बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे ते लहानसे लिखाण. त्यातच त्यांच्या लहानपणीचाही प्रसंग आहे. सातारा जिल्ह्यातल्या गोरेगावला वडिलांकडे जायला निघालेली ही मुले मसूर स्टेशनावर उतरली. जात कळल्यावर दुप्पट भाडे देऊनही गाडीवान गाडी हाकेना, मुलांनाच बैल हाकावे लागले. रात्री टोलनाक्यावर थांबले. सोबत डबा होता, पण पाणी कोणी दिले नाही. भरल्या डब्यापाशी मुले उपाशी झोपली.

मुलगी ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे बाबासाहेबांना खोटं नाव घेऊन राहावं लागलं. मला ते काका फुकट देत होते." सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. त्यांना झोप लागली नव्हती, हे मला पांघरुणावरून कळत होते.

मला वाटते, आपल्या प्रवासातला सगळा फरक या दोन नोंदवह्यांमध्ये आहे. बडोद्याच्या वहीत एका बॅरिस्टर होऊ घातलेल्या विद्वानाला दुसऱ्याचे नाव लिहावे लागले. दापोलीच्या वहीत सायझिंगमधल्या कामगाराने स्वतःचे नाव लिहिले. तो कामगार बाबासाहेबांपेक्षा शूर होता असे कोणी म्हणणार नाही. मधल्या काळात कायदा झाला, संविधान झाले, आणि ते बाबासाहेबांनीच केले.

जुने असले तरी घरासारखे

आता हॉटेलविषयी. सकाळी उजेडात पाहिले तर हॉटेल खरेच जुने होते. मोझॅकच्या लाद्या, कडेला तडे गेलेल्या. जुन्या काळ्या रेग्युलेटरचा पंखा, तीनवर लावला तरच फिरणारा. पडद्यांचा रंग उडालेला. कोपऱ्यात मोठ्या डब्याचा टीव्ही होता, तो बंदच, त्यावर फुलदाणी ठेवलेली. न्हाणीघरात शॉवर नाही, बादली आणि मग. गरम पाणी सकाळी सहा ते आठ, मागच्या अंगणातल्या बंबातून, आणि तेही आपणच भरून आणायचे.

पण मुलाबाळांच्या कुटुंबाला काय लागते, ते तिथे होते. खोली एवढी मोठी, की दोन पलंग टाकून मधे गादी घालायला जागा. जादा गादीचे पैसे नाहीत. अंगणात लोखंडी झोपाळा आणि सी-सॉ. समोर पुरुषभर उंचीचा कठडा, त्यामुळे लहान मूल डोंगरावरून खाली जाईल ही भीती नाही. स्वयंपाकघरातल्या बाई विचारायच्या, "बाळाला तिखट चालतं का?" आणि मुलासाठी मऊ वरणभात वेगळा काढायच्या. सासूबाईंना दात नाहीत म्हणून चपातीऐवजी तांदळाची भाकरी आली. नव्या चकचकीत हॉटेलात यातले काही मागायलाही आपल्याला संकोच वाटला असता.

सकाळी आम्ही व्हरांड्यात बसून त्रिसरण-पंचशील घेतले. समोर झाडांच्या शेंड्यांवरून समुद्र दिसत होता. चहा घेऊन आलेला पोरगा ट्रे हातात धरून कडेला उभा राहिला आणि आमचे संपल्यावर पुढे आला. "चहा निवला असेल, बदलून आणतो," म्हणाला. चहा गरमच होता.

मुलाला पहिल्या रात्री झोप येत नव्हती. शेलारला लूमच्या आवाजात झोपायची सवय. "इथं काहीच वाजत नाही," म्हणाला. मग वारा फिरला आणि खालून लाटांचा आवाज यायला लागला, तेव्हा झोपला.

किनाऱ्यावर जायला पाऊण तास उतरावे लागेल असे वाटले होते. प्रत्यक्षात पायऱ्या आणि पुढे सुरूच्या बनातली वाट मिळून दहा मिनिटे. किनारा लांबलचक. मुले ओरडत पाण्यात शिरली. पती पँट दुमडून गुडघाभर पाण्यात कितीतरी वेळ उभे होते. एरवी त्यांचा दिवस सायझिंगच्या वाफेत जातो. मी वीस वर्षांच्या संसारात त्यांना काही न करता उभे राहिलेले पहिल्यांदाच पाहिले.

एक सूचना जाणाऱ्यांसाठी. किनाऱ्यावरच्या माणसाला भरती-ओहोटीची वेळ विचारल्याशिवाय मुलांना पाण्यात सोडू नका. आपण नदी-विहिरीकाठची माणसे, समुद्राची ओढ आपल्याला कळत नाही.

माठाचे पाणी

सासूबाईंनी शेलारहून पाण्याचा पाच लिटरचा कॅन आणला होता. म्हणाल्या, "परक्या पाण्याने पोरांना खोकला होतो." दुसऱ्या दिवशी दुपारी कॅन संपला. जेवणघराच्या दारात दोन मोठे माठ होते, त्यांवर लांब दांड्याचा पेला. येणारे-जाणारे सगळे त्यातूनच पाणी घेत होते. सासूबाई माठापाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि कोणी तरी वाढेल म्हणून थांबल्या. ही सवय कुठून आली, ते सांगायला नको.

स्वयंपाकाच्या बाई आतूनच म्हणाल्या, "आजी, घ्या की हाताने. मी कोलंबी सोलतेय, हात बरबटलेत माझे."

सासूबाईंनी एकदा मागे पाहिले. मग झाकण काढले, पेला बुडवला, तांब्यात पाणी ओतले आणि तिथेच उभ्या उभ्या प्यायल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गार आहे गं." मग मुलासाठी बाटली भरून घेतली. त्यानंतर दोन दिवस पाणी भरायचे काम त्यांनी कोणाला करू दिले नाही.

महाडला मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला त्या माठापाशी मिळाले. तळे समोर असले तरी हात पुढे व्हायला काळ जातो. कायदा एका दिवसात होतो. मनातली भीती जायला एक माठ, एक दुपार आणि हात बरबटलेली एक बाई लागते.

हर्णैचा लिलाव आणि रमाईंचे वणंद

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हर्णैला गेलो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, आणि अलीकडे वाळूवर मासळीचा लिलाव. होड्यांतून टोपल्या उतरतात, बैलगाड्यांवर चढतात, वाळूवर ढीग लागतात आणि बघता बघता बोली सुरू होते. सुरमई, पापलेट, बांगडे, कोळंबी. कोळणींचा आवाज सगळ्यांच्या वर.

मला मात्र टोपल्या वाहणारी माणसे दिसत होती. माता रमाईंचे वडील भिकू धुत्रे हेच काम करीत. दाभोळ बंदरातून मासळीच्या टोपल्या डोक्यावरून बाजारात पोहोचवायच्या, त्यावर घर चालायचे. रमाईंचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ चा. आई-वडील लवकर गेले आणि ही भावंडे मामा-काकांबरोबर मुंबईला भायखळ्याला आली. तिथल्याच बाजारात १९०६ साली त्यांचे लग्न झाले. दिवसा बाजार भरतो, म्हणून रात्री बाजार उठल्यावर मांडव. गरिबाच्या लग्नाला सभागृह कुठले?

परतीच्या दिवशी सकाळी वणंदला जाऊन रमाईंच्या स्मारकाला वंदन केले. सासूबाई तिथे बराच वेळ बसल्या. मी विचारले, "काय झालं?" म्हणाल्या, "या बाईला साहेबांबरोबर कधी कुठं चार दिवस जायला मिळालं असेल का गं?" मला उत्तर सुचले नाही. बाबासाहेब परदेशात शिकत असताना रमाईंनी मुंबईत उपास काढले, मुले गमावली, आणि २७ मे १९३५ रोजी वयाच्या सदतिसाव्या वर्षी त्या गेल्या. बाबासाहेबांनी पुढे पाकिस्तानवरचा आपला ग्रंथ त्यांच्या स्मृतीला अर्पण केला. रमाईंच्या वाट्याला विसावा आला नाही. तो आपल्या घरातल्या बायांच्या वाट्याला तरी आला पाहिजे, असे मला तिथे प्रकर्षाने वाटले.

हक्क आणि हिशोब

आता कामाच्या दोन गोष्टी.

पहिली कायद्याची. सार्वजनिक पैशातून चालणारी पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा ठराव सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर करून घेतला. धर्मशाळा हा शब्द त्यात होता, हे लक्षात ठेवा. पुढे संविधानाच्या कलम १५ (२) ने दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव, घाट, रस्ते सर्वांना खुले केले. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या कायद्याने, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतात, अस्पृश्यतेच्या कारणावरून हॉटेलात किंवा धर्मशाळेत जागा नाकारणे हा गुन्हा ठरवला. त्याला एक ते सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड आहे. असा अनुभव आला तर कोण काय बोलले, किती वाजता बोलले, ते लिहून ठेवा, साक्षीदाराचे नाव घ्या, पोलिसांत तक्रार द्या. केंद्र सरकारची १४५६६ ही अत्याचारविरोधी मोफत फोनसेवाही आहे.

दुसरी गोष्ट हिशोबाची. तीन रात्रींचे भाडे रोजचे १,६०० रुपयांप्रमाणे ४,८०० झाले. पाच जणांचे जेवण-चहा ३,६००. एसटीला जाऊन-येऊन २,४००, कारण मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे आणि आमच्यात तीन बायका. स्थानिक रिक्षा आणि बाकी फिरणे ७००. एकूण ११,५०० रुपये. भिशीच्या बारा हजारांतून पाचशे उरले. त्याचे हर्णैहून सुके बोंबील आणले आणि मंडळातल्या अकरा जणींना वाटले.

खोली ठरवताना फोनवर हे विचारून घ्या : भाडे खोलीचे की माणशी? जादा गादीचे पैसे पडतात का? म्हाताऱ्या माणसाला तळमजल्यावर खोली मिळेल का? गरम पाणी किती वाजता? जेवण तिथेच मिळते का? पावती मिळेल का? इमारत जुनी की नवी, याने काही अडत नाही. वागणूक कशी आहे, ते या प्रश्नांच्या उत्तरांवरूनच कळते.

निघताना काकांनी पावती केली आणि विचारले, "पुढच्या वर्षी कधी येताय?" सासूबाईच म्हणाल्या, "रमाई जयंतीला वणंदला येऊ, तेव्हा. आमच्या मंडळाच्या बाया पण येतील. दहा-बारा जणी. जागा ठेवा." काकांनी वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले : फेब्रुवारी, शेलार, बौद्ध महिला मंडळ, बारा.

भगिनींनो, कर्ज काढून सहली करा असे मी सांगत नाही. मुलांची फी आधी, घरभाडे आधी. पण भिशीचा एखादा हप्ता, बोनसचा एखादा वाटा वर्षा-दोन वर्षांतून घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी आणि मुलांसाठी बाजूला काढा. जिथे जाल तिथे नोंदवहीत आपले नाव आपल्या हाताने, सुवाच्य अक्षरात लिहा. कोणी चुकून दुसरे नाव दिले तर ते नम्रपणे परत करा. आपल्या लेकीबाळींना तेवढे धैर्य आले आहे. त्या बोलतील, आपण त्यांच्या पाठीशी उभे राहू या.

जयभीम! नमो बुद्धाय!